चार्जिंगचा आकडा

मोहिनी मॅडमच्या पत्राला आपण उत्तर दिलेलं नाही, हे खरसाडे सरांना रोज सकाळी दात घासतानाच आठवायचं. पत्र पोळ्याच्या आधी आलं होतं आणि आता दिवाळीची सुट्टीही संपली होती. गेवराईच्या त्या कॉलेजात सर ग्रंथपाल होते आणि मॅडम प्राचार्य. पत्रात एवढंच होतं : 'आपण आपली विजेवरची गाडी ग्रंथालयाच्या प्लगवर चार्ज करता. त्याचा महिन्याचा अंदाजे आकडा कळवावा. तेवढी रक्कम पगारातून वळती करू.'

मागणी रास्त होती. घरी उमापूरला व्होल्टेज इतकं कमी असायचं, की दिवा आणि गाडी यांतलं एकच काहीतरी चालायचं. म्हणून सर कॉलेजात गाडी चार्ज करत. पण फुकटची वीज त्यांनाही नको होती. ग्रंथालयातलं जुनं मासिकसुद्धा नोंद केल्याशिवाय घरी न नेणारा माणूस. निवृत्तीला आलेल्या वयात चोरीचा डाग लागू नये, एवढीच त्यांची काळजी होती.

पण आकडा निघेना. गाडीच्या पडद्यावर टक्के दिसत, युनिट नाही. माहितीपुस्तिकेप्रमाणे एक उत्तर यायचं, घरच्या बिलाच्या दरानं दुसरं, आणि कॉलेजचा दर तिसराच. शिवाय भिंतीतून निघालेली सगळी वीज बॅटरीत पोचत नाही, थोडी वाटेतच उष्णता होऊन जाते, असं त्यांनी वाचलं होतं. थोडी म्हणजे किती, ते कुणी लिहिलं नव्हतं. एका मसुद्यात त्यांनी 'सुमारे' लिहिलं, दुसऱ्यात 'साधारणतः सुमारे'. तिसरा फाडला.

शेवटी जाणकाराला विचारावं म्हणून ते कॉलेजसमोरच्या इरशादच्या दुकानात गेले. इरशाद पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. कॉलेजचा शिपाई सिदू तिथं पंखा घ्यायला आला होता, म्हणून सर अगदी हळू आवाजात बोलले.

"इरशादभाई, गाडीच्या चार्जिंगसाठी एक आकडा पाहिजे."

इरशादनं हातातला पाना खाली ठेवला. "सर, तुमी?"

"मला जमत नाही म्हणून तर आलो."

"आवो, ही तुमची कामं न्हाईत. लई धोका हाय."

"अंदाजेच हवाय. थोडा इकडंतिकडं झाला तरी चालेल."

"इकडंतिकडं झाला तर जनाजाच उठंल की."

विजेच्या तारेवर वायरचा हूक टाकून चोरून वीज घेतात, त्यालाही आपल्याकडे आकडाच म्हणतात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण सरांच्या डोक्यात इतके दिवस दुसराच आकडा बसलेला.

"मॅडमनी मागितलाय," ते म्हणाले. "लेखी."

इरशाद स्टुलावर बसला. "लेखी आकडा मागितला?"

"पोळ्याच्या आधीच. मीच टाळतोय. पैसे माझ्या पगारातून कापणार आहेत."

"आकडा बी तुमी टाकायचा, अन् पैसे बी तुमचेच?"

"न्यायाचंच आहे ते."

इरशादनं खाली ठेवलेला पाना पुन्हा उचलला. "सर, माझी लेकरं लहान हायती. मला यात घेऊ नका."

सर खजील होऊन परतले. सिदू मात्र पंखा खांद्यावर घेऊन थेट स्टाफरूममध्ये गेला. "आपले खरसाडे सर आकडा टाकायलेत," त्यानं सांगितलं. दुपारच्या चहाला ते सगळ्या कॉलेजला कळलं, आणि चहा पिऊन होईतो, कुणाच्या तरी फोनवरून, वीज कंपनीचा लाइनमन शिडी घेऊन ग्रंथालयाच्या दारात उभा.

"सर, आकडा कुठंय?"

आता बाहेरचे लोकही विचारू लागले, म्हणून सरांचा चेहरा उतरला. "अजून निघाला नाही हो."

"मग काढा की. कशाला ठिवलाय?"

"रोज काढायला बसतो. हात धजत नाही."

"टाकला कधी?"

"दोनदा टाकला होता. मग खोडला."

खोडलेला आकडा लाइनमननं नोकरीत कधी पाहिला नव्हता. तो शिडी घेऊन मागच्या खांबाकडे गेला. पाठोपाठ स्टाफ जमला, मॅडमही आल्या. "सर असले वाटले नव्हते," असं कुणीतरी कुजबुजलं, तेव्हा कुठं कोणत्या आकड्याचा शोध चाललाय ते सरांना उमगलं. पण नाही म्हणायचं तर सगळं कबूल करून बसलेले.

"हाय," लाइनमन वरून म्हणाला. "आकडा हाय."

क्षणभर सरांना वाटलं, आपणच टाकला असेल.

आकड्याच्या वायरीवर दोडक्याचा वेल चढून वाळून गेला होता. लाइनमननं लांब काठीनं आकडा खाली ओढला. सगळ्यांनी ग्रंथालयाकडं पाहिलं. तिथला पंखा फिरत राहिला, गाडीचा हिरवा दिवाही लुकलुकत राहिला. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला मॅडमच्या केबिनचा एसी मात्र एक उसासा टाकून गप्प झाला.

"मॅडम," सिदू म्हणाला, "पंखा दुरुस्त करून आणलाय. केबिनला लावू का?"

"हे माझ्या आधीच्या प्राचार्यांच्या वेळचं असणार," मॅडम म्हणाल्या. लाइनमननं मान हलवली आणि पंचनाम्याचा कागद काढला. मग त्या सरांजवळ आल्या. "सर, त्या पत्राचं मनावर घेऊ नका. आकड्याचं राहू द्या आता."

पण सरांना राहू देता येईना. निम्म्या कॉलेजनं त्यांना मान खाली घालून उभं राहिलेलं पाहिलं होतं. ऑफिसात आपल्या सहीचा एक कागद असायलाच हवा, असं त्यांना वाटलं. ते टेबलाशी बसले आणि पहिल्यांदाच एकही शब्द न खोडता लिहिलं :

'मा. प्राचार्य यांस, आपण मागितलेला आकडा सापडला. तो ग्रंथालयामागच्या खांबावर होता. आज काढला. चार्जिंगचा आकडा वेगळा आहे. त्यासाठी प्लगला स्वखर्चाने मीटर बसवून घेत आहे. त्यावर येईल तेवढी रक्कम पगारातून वळती करावी.'

ते हातात नेऊन द्यायचं धैर्य काही झालं नाही. त्यांनी पाकिटाला तिकीट लावलं आणि चौकातल्या टपालपेटीत टाकलं. पाकीट तळाशी गेल्याचा आवाज आला, तशी शंका आली. मॅडमनी अंदाजे आकडा मागितला होता आणि आपण 'अंदाजे' लिहायचं विसरलो. त्यांनी पेटीच्या तोंडात बोटं घालून पाहिली. पत्र लागत नव्हतं.