हंबीररावांच्या न्हाणीतला साप

घरी इंटरनेट घ्यायचं, असं हंबीरराव सरनोबतांनी सोमवारी सकाळी चहा पिताना जाहीर केलं. तसं कारणही घडलं होतं. त्यांचा मुलगा अमरसिंह जर्मनीत, तिथं त्याला मुलगी झालेली, आणि तिचं बारसं येत्या रविवारी. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे हंबीररावांच्या लेकीचा, निशिगंधाचा. तिनं इथून फोनवर 'कुर्र' करायचं आणि तिकडं सुनेनं फोन बाळाच्या कानाशी धरायचा, असं ठरलं होतं. पण शिवाजी पेठेतल्या त्यांच्या बोळात मोबाइलची रेंज फक्त गच्चीवरच्या टाकीजवळ यायची, तीसुद्धा मनात आलं तर. मागच्या खेपेला नातीचा चेहरा जांभई देतादेता जो थांबला, तो चार मिनिटं हललाच नाही. तेवढ्या वेळात आजीनं, म्हणजे पूर्णिमाबाईंनी, अंबाबाईला नवस बोलून घेतला होता.

"कुर्र मधीच अडाकलं तर?" पूर्णिमाबाई म्हणाल्या. "पोरीला अर्ध्या नावानं हाक मारायची व्हय?"

"केबल ओढून घेतो की. त्यात काय हाय?"

त्यात खरोखरच काही नव्हतं. तीन वर्षांपूर्वी बोळ सिमेंटचा झाला, तेव्हा प्रत्येक कंपनीनं येऊन वेगळा खड्डा काढू नये म्हणून रस्त्याखाली सगळ्यांत मिळून एकच पाइप घातला होता आणि घरोघरी त्याची एकेक शाखा काढून ठेवली होती. समोरच्या अल्लाउद्दीन टेलरनी लगेच केबल घेतली. हंबीररावांनी मात्र "आम्हाला काय करायचंय?" म्हणून कंपनीच्या माणसाला दारातूनच वाटेला लावलं होतं.

या पाइपाशी हंबीररावांचं नातं जुनं होतं. गेली दोन वर्षं अल्लाउद्दीनच्या दारातल्या त्याच्या चेंबरच्या झाकणातून साबणाचा फेस वर यायचा. दर दिवसाआड, सकाळी दहाच्या सुमाराला. शेजाऱ्यावरचा हा अन्याय हंबीररावांना सहन झाला नाही. त्यांनी वॉर्ड ऑफिसला अर्ज लिहिला, बोळातल्या एकतीस जणांच्या सह्या घेतल्या, पहिली स्वतःची केली आणि शेवटी खास आपल्या पदरचं वाक्य घातलं, 'सदर दुष्कृत्य करणाऱ्या इसमास हुडकून काढून त्याजकडून लेखी माफी घेतल्याशिवाय हे प्रकरण बंद करू नये.' (हंबीररावांच्या घरी वॉशिंग मशीनही दोन वर्षांपूर्वीच आलं होतं आणि प्लंबरला न बोलावता त्यांनी ते स्वतः बसवलं होतं. पण चांगल्या माणसावर उगीच संशय कोण घेतो?)

शुक्रवारी कंपनीचा कृष्णात आला. त्याच्याकडं पिवळ्या रंगाच्या लवचिक सळीचं मोठं वेटोळं होतं. ही सळी एका तोंडातून आत सारायची, दुसऱ्या तोंडातून बाहेर काढायची आणि तिच्या टोकाला बांधून केबल ओढायची.

"काका, तुमच्या बाजूचं पाइपाचं तोंड कुठाय?"

"आसंल की हितंच कुठंतरी मातीत," हंबीरराव दारातल्या कुंड्या हलवत म्हणाले.

"ऱ्हाऊ दे. सळी भाईर आली की कळंलच."

कृष्णातनं अल्लाउद्दीनच्या दारातून सळी सारायला सुरुवात केली. वीस फूट गेली, तीस फूट गेली, चाळीस फूट गेली. हंबीरराव कुंड्यांवर नजर ठेवून उभे होते. तेवढ्यात घरातून पूर्णिमाबाईंची किंकाळी आली.

"अहो, साप. न्हाणीत साप शिरलाय. पिवळा हाय."

हंबीरराव कपडे बडवायचं धोपाटणं घेऊन न्हाणीत घुसले. वॉशिंग मशीनच्या मागून हातभर लांब पिवळंधमक जनावर डुलत बाहेर येत होतं. हंबीररावांनी डोळे मिटून पहिला तडाखा हाणला. जनावर मागं सरलं आणि दुप्पट जोरानं पुढं आलं.

"काका," बाहेरून कृष्णात ओरडला, "आत कायतरी आडवं येतंय. जोर लावतो."

त्यानं जोर लावला. हंबीररावांनीही लावला. पाचव्या तडाख्याला सापाचं मुंडकं तुटून बादलीत पडलं आणि टणकन वाजलं.

थोड्या वेळानं न्हाणीत सगळे गोळा झाले. मशीनची नळी भिंतीतल्या पाइपातून निसटून बाजूला पडली होती. त्या पाइपातून सळीचं मोडकं टोक डोकावत होतं आणि भोवती फेस जमला होता.

"काका, मशीनचं पाणी ह्या पाइपात सोडलंयसा?" कृष्णातनं विचारलं.

"रिकामा पाइप दिसला," हंबीरराव हळू आवाजात म्हणाले. "म्हटलं, वाया कशाला घालवायचा?"

अल्लाउद्दीननी वाकून फेसाचा वास घेतला. "दोन वर्सं झाली, दारात लिंबाचा वास येतोय. आज पत्ता लागला."

हंबीररावांना भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण खरा मार पुढंच होता. सळी मोडली, पाइपात पाणी, शिवाय पाइपावर वॉर्ड ऑफिसात तक्रार. ती बंद झाल्याशिवाय नवी केबल घालता येणार नाही, असं कृष्णातनं सांगितलं. म्हणजे रविवार गेला. पालथ्या बादलीवर बसून पूर्णिमाबाईंनी पदर डोळ्यांना लावला, आणि हंबीररावांना वाटलं, ह्यापेक्षा चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

"वैनी, रडतायसा कशाला?" अल्लाउद्दीन म्हणाले. "आमच्यात लाइन हाय, मोठा टीव्ही हाय. बारसं आमच्यात करायचं."

"आरं, पर तुझ्या दारात मी दोन वर्सं..." हंबीरराव म्हणाले.

"साबणच सोडला न्हवं? उंबरा कसा चकचकीत झालाय बघा की."

रविवारी अख्खा बोळ अल्लाउद्दीनच्या घरात मावला. त्यांच्या बायकोनं, हुसेनबींनी, घुगऱ्या शिजवल्या होत्या. टीव्हीवर नात हात हलवत होती आणि कुठंही अडकत नव्हती. निशिगंधानं फोनमध्ये 'कुर्र' करून क्रांती हे नाव सांगितलं, बायकांनी रीतीप्रमाणं आत्याच्या पाठीत धपाटे घातले आणि त्यांतला सगळ्यात दणदणीत हुसेनबींचा होता. हंबीरराव मागं उभे राहून खुशाल रडले. रडायला टॉवेलही अल्लाउद्दीनचाच होता.

सोमवारी ते तक्रार मागं घ्यायला वॉर्ड ऑफिसात गेले. कारकुनानं फाइल उघडून त्यांचंच शेवटचं वाक्य त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. लेखी माफी हवीच, आणि ती मिळाल्याची तक्रारदाराची सहीसुद्धा हवी. हंबीररावांनी कागद घेतला आणि लिहिलं, 'मी, हंबीरराव सरनोबत, अर्जदार श्री. हंबीरराव सरनोबत यांची बिनशर्त माफी मागतो.' मग कारकुनानं दाखवलेल्या जागी खाली लिहिलं, 'समक्ष माफी मागितल्याने मोठ्या मनाने माफ केले आहे.' दोन्हीकडं सह्या केल्या.

घरी येऊन त्यांनी हे पूर्णिमाबाईंना सांगितलं. मशीन बंद असल्यामुळं त्या हातानं धुतलेली चादर पिळत होत्या. चादरीचं एक टोक त्यांनी नवऱ्याच्या हातात दिलं.

"लगीच माफ करून टाकलंसा?" त्या म्हणाल्या. "मला तरी इचारायचं. मी आणखी म्हैनाभर केलं नसतं."