बोंबील वाळेल ते राज्य

“आपण आता कुठल्या राज्यात राहायचं, ते मी ठरवणार!”

देवजीनं नरपडच्या किनाऱ्यावर उभं राहून असं जाहीर केलं, तेव्हा जाळी सांधत बसलेल्या मंडळींना वाटलं, याला ऊन लागलं. जो माणूस सासरवाडीलासुद्धा मुक्काम करत नाही, कारण म्हणे लाटांचा आवाज नसला की झोप येत नाही, तो राज्य सोडून जाणार!

पण देवजी थट्टा करत नव्हता. त्याच्या बायकोला, पुतळीला, दम्यानं पुरतं धरलं होतं. डहाणूच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, “इथली हवा फार ओली. यांना गरम, कोरड्या हवेत ठेवता आलं तर बघा. निदान पाऊसपाण्याचे महिने तरी.” यातलं ‘महिने’ देवजीनं ऐकलंच नाही. तो तेवढ्यात चप्पल घालून बाहेर पडला होता! घरी येईपर्यंत त्याच्या डोक्यात होडी विकून झाली होती, घराला कुलूप लागलं होतं आणि सगळं कुटुंब टेम्पोत बसलं होतं. फक्त टेम्पो कुठल्या दिशेनं न्यायचा, तेवढं बाकी होतं.

संध्याकाळी घरात बैठक भरली. म्हणजे बाकीचे बसले, देवजी उभा.

मुलगा भाविक डहाणू स्टेशनजवळ मोबाईलच्या दुकानात कामाला. त्यानं फोन उघडला. “बाबा, कच्छ बघ. सरळ गुजरात. भाषा येते आपल्याला.”

“गोवा!” सून भाविनी म्हणाली. “किती छान असतं तिथं सगळं!”

“गोव्याला काय वेगळा समुद्र आहे? इथलीच ओल तिथं!” देवजी म्हणाला.

“मग राजस्थान,” भाविक म्हणाला. “हे बघ, फोनवर हवेचा दमटपणा दाखवतात.”

“फोनला काय कळतं? फोन कधी वाळत टाकलाय का कोणी?”

पुतळी खाटेवर उशीला टेकून बसली होती. दोन श्वासांच्या मधे जागा शोधून ती म्हणाली, “मला कोणी विचारणार का?”

“अगं, तुझ्यासाठीच तर चाललंय हे सगळं!”

“मग जरा बसा ना इथं. उभ्यानं काय राज्य ठरवताय?”

“बसायला वेळ कुठाय!” देवजी म्हणाला, आणि खरंच बाहेर गेला. त्याला उपाय सुचला होता.

हवा ओली की कोरडी, हे देवजी आयुष्यभर एकाच जिनसाला विचारत आला होता. बोंबलाला! ताजा बोंबील म्हणजे नुसतं पाणी. दोन बोंबलांच्या जबड्यात जबडा अडकवून जोडी करायची आणि वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, दोरीला टांगायची. एकटा बोंबील दोरीवर राहत नाही, जोडीच लागते. हवा चांगली असेल तर बोंबील काडीसारखा वाळतो, ओली असेल तर लोंबकळत राहतो आणि वास मारतो. या वलांडीवर देवजी गलोल घेऊन असा पहारा द्यायचा की नरपडचे कावळे त्याला नुसत्या चालीवरून ओळखत. तो दिसला की सगळे उडून माडावर जाऊन बसत आणि तिथून शिव्या घालत.

“जिथं बोंबील झकास वाळेल, तिथं पुतळीची छाती मोकळी होईल!” देवजीनं निकाल दिला. गावानंही माना डोलावल्या, कारण ऐकायला ते बरोबरच वाटत होतं.

पहिली परीक्षा वेवजीला. तलासरीच्या पुढं, अगदी गुजरातला टेकलेलं गाव. तिथला झिपरू शेतकरी देवजीचा जुना दोस्त. दरवर्षी याचं सुकट तिकडं जायचं, त्याचा तांदूळ इकडं यायचा. देवजी ओल्या बोंबलांची टोपली घेऊन एसटीत चढला आणि मागचा अख्खा बाक रिकामा झाला. तरी हा उभाच!

वेवजीला पोचल्यावर त्यानं एक जोडी झिपरूच्या कुंपणावर टांगली, म्हणजे महाराष्ट्रात. दुसरी हद्दीपलीकडच्या आंब्याला, म्हणजे गुजरातेत.

झिपरू कमरेवर हात ठेवून बघत राहिला. “देवजी, वारा काय पाटी वाचून वाहतो का रे?”

“तू गप बस. शास्त्र आहे हे.”

महाराष्ट्रातली जोडी झिपरूच्या मांजरीनं खाल्ली. देवजी धावत गुजरातेत गेला आणि आंब्याखाली पहाऱ्याला उभा राहिला. दुपारची उन्हं, पाय भरून आले, म्हणून क्षणभर बुंध्याला टेकून बसला. डोळा लागला. तेवढ्यात वरून एक कावळा आला आणि गुजरातची जोडी घेऊन गेला!

“बसलो आणि फसलो!” देवजीनं कपाळावर हात मारला. “आता बसणं नाही!”

घरी आल्यावर पुतळीनं विचारलं, “काय झालं हो?”

“दोन्ही राज्यं बाद.”

ती हसली. तिचं हसू खोकल्यात संपायचं, म्हणून हल्ली ती जपून हसायची. “दमला असाल. बसा जरा.”

“थांब, मनिषला फोन करायचाय.”

मनिष हा पुतळीच्या बहिणीचा मुलगा, तलासरीचा, ट्रक चालवणारा. गाद्यांचा माल भरून तो राजस्थानला निघाला होता. देवजीनं हायवेवर जाऊन अर्धवट वाळलेली एक जोडी त्याच्या केबिनच्या मागं, ताडपत्रीच्या दोरीला बांधली. “तिथं पोचलास की हात लावून बघ आणि सांग. नरम की कडक.”

“काका, माल शेठचा आहे. वास लागेल.”

“मावशी तुझी आहे की नाही?”

मनिष निघाला.

त्या दिवसांत पुतळीचं जास्त झालं. पाठीमागं तीन तीन उशा लागायच्या. भाविनी तिला वाफ द्यायची, भाविक दुकानातून लवकर यायचा. देवजी मात्र घरात ठरत नव्हता. होडीला गिऱ्हाईक बघ, राजस्थानात पाणी कसं असतं ते विचार, उंट चावतो का त्याची चौकशी कर. खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. पुतळीचा श्वास घरघर वाजायचा, तो ऐकत खाटेपाशी बसणं त्याला झेपत नव्हतं. धावत राहिलं की आपण काहीतरी करतोय असं वाटायचं.

आणि एका सकाळी मनिषचा व्हिडिओ कॉल आला. भाविकनं फोन खाटेवर, पुतळीच्या पुढ्यात धरला. फोनमधे ही गर्दी! ट्रक रिकामा, गाद्या रस्त्यावर, एक लठ्ठ शेठ नाकाला उपरणं लावून उभा.

“काका, मेलो!” मनिष ओरडला. “शेठला वास आला. तो म्हणतो ट्रकमधे मढं आहे! पोलीस आलेत, गाद्या फाडून बघतायत!”

“ते राहू दे! बोंबील वाळला का?”

फोन पोलिसाच्या हातात गेला. मिशा स्क्रीनभर पसरल्या. “कौन बोल रहा है? लाश किसकी है?”

“लाश नहीं साब, मच्छी! जोडी है! मेरी औरत के वास्ते भेजी!”

“राजस्थान में? औरत इधर है?”

“औरत इधर है, साब, हवा उधर है!”

पुतळी हसायला लागली. जपून नाही, पहिल्यासारखी, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. भाविनी हसली, भाविक हसला. फार दिवसांनी त्या घरात असं हसू झालं. मग पुतळीला खोकला आला, आणि तो काही केल्या थांबेना.

खोकला जरा उतरल्यावर तिनं देवजीचा सदरा धरला. “अहो. आता तरी बसा माझ्याजवळ.”

“आलोच. फोन कट झाला, घरातली रेंज गेली. वाळला का तेवढं विचारतो, की बसतोच!”

तो किनाऱ्याकडे पळाला. रेंज सापडायला वेळ लागला, मनिषला पोलिसांनी सोडायला आणखी वेळ लागला. शेवटी मनिष म्हणाला, “काका, कडक! काडीसारखा! असा बोंबील आपल्याकडं कधी वाळला नाही!”

देवजी वाळूतून धावत सुटला. “राजस्थान! पुतळे, राजस्थान ठरलं!” असं ओरडतच तो दारात आला.

भाविनी दारातच उभी होती. तिनं काही सांगायची गरज पडली नाही.

दहाव्याला किनाऱ्यावर पिंड ठेवला. बाजूला पुतळीच्या आवडीचा कोरा चहा, दोन चिकू, मशेरीची डबी. माडांवर कावळेच कावळे. पण एकही खाली येईना.

“काही इच्छा राहिली असेल,” भटजी म्हणाले. “बोला, शब्द द्या.”

भाविकनं हात जोडले. “आई, बाबाला मी सांभाळीन.” भाविनी रडत म्हणाली, “आई, मी घर मोडू देणार नाही.” कावळे हलले नाहीत.

मग देवजी पुढं झाला. पिंडापाशी ताठ उभा राहिला. “पुतळे, तुला राजस्थानला नेणार होतो. अस्थी घेऊन जातो तिथं!”

कावळे गप्प.

“नको? बरं, गोवा!”

एका कावळ्यानं मान दुसरीकडे वळवली.

“कच्छ? बरं बाई, कुठंच नाही! होडी विकत नाही, नरपड सोडत नाही! मग तर झालं?”

काहीच झालं नाही. ऊन चढलं. भटजींनी हळूच घड्याळ बघितलं, त्यांना डहाणूत आणखी एक काम होतं. मंडळी एकमेकांकडे बघू लागली. आयुष्यभर कोणाकडे काही न मागितलेल्या बाईची अशी कुठली इच्छा राहिली, ते कोणालाच कळेना.

तेवढ्यात मनिष आला. थेट ट्रकवरून, न झोपलेला. त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. “काका, हे मावशीचं.”

“अरे, सुतकात मासळी!” कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं.

पुडीत बोंबलांची जोडी होती. खडखडीत वाळलेली, पांढरीशुभ्र, आणि एवढ्या भानगडीतही जबड्यात जबडा तसाच अडकलेला. देवजीनं ती हातात घेतली. अंगठ्यानं दाबून बघितली, सवयीनं. कडक होती. तो पिंडापाशी वाळूत मटकन बसला आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यानं रडायला लागला. “वाळला गं,” तो पिंडाला सांगत होता, “चांगला वाळला गं.”

पंखांचा आवाज झाला. एक कावळा उतरला आणि त्यानं पिंडाला चोच लावली. पाठोपाठ दुसरा आला, तिसरा आला. एका आगाऊ कावळ्यानं तर देवजीच्या हातातली जोडीच ओढून नेली. ज्या माणसानं उभ्या जन्मात कावळ्याला बोंबलाचं शेपूट मिळू दिलं नव्हतं, त्यानं हातसुद्धा उचलला नाही.

मंडळींनी सुटकेचा श्वास टाकला. भाविक वडिलांना उठवायला वाकला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “बाबा, अरे ते तुलाच घाबरत होते. तू खाली बसलास, म्हणून आले.”

“तीही तेच सांगत होती रे,” देवजी म्हणाला. “बसा म्हणत होती.”

मग मंडळी घरी गेली, भटजी डहाणूला गेले, ऊन कलायला आलं. देवजी तिथंच बसून होता.