दुसऱ्याच्या पोरीला ढकला!

"घाटात आपल्या योर्लेनीला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही!" दोन्या, म्हणजे बाईसाहेब, एतेल्विनांनी जेवता जेवता जाहीर केलं. "हात शिवशिवत असतील, तर त्या ब्रिसेइदाला ढकला!"

बोयाका प्रांतातल्या डोंगरात दमलेला सायकलवाला दिसला, की माणसाचे हात ढकलायला आपोआप पुढे होतात. त्याला काही इलाज नाही. पण यंदा पोरींच्या सायकल शर्यतीच्या पंचांनी बजावलं होतं, जिला कुणी ढकललं ती बाद! आणि यंदा घाटमाथ्यावरच्या देवळापाशी तुन्हा शहराच्या संघाचा प्रशिक्षक उभा राहणार होता. तो संघासाठी एकच पोरगी उचलणार होता. एक तर एतेल्विनांची नात, नाहीतर शेजारच्या गावची ब्रिसेइदा. बाकीच्या पोरी नुसत्या हवा खायला येणार होत्या.

"म्हणजे पंचांच्या जीपसमोर आपण तिला ढकलायचं, आणि ती बाद?" थोरल्या उबाल्दोनं विचारलं.

"कळलं बाई! चाळिशी उलटली, पण कळलं!"

"पण आई, योर्लेनी तशीही जिंकेल की."

"जिंकेलच. नात कुणाची आहे! पण सगळंच देवावर टाकू नये. त्याला इतर कामं असतात."

रविवारी उबाल्दो खालच्या वळणावर उभा राहिला. एतेल्विना लोकरीचा झालरवाला रुआना पांघरून अगदी वरच्या वळणावर ठाण मांडून बसल्या. थोड्या वेळानं फोन वाजला.

"आई, ढकललं! चांगलं दोन्ही हातांनी!"

"पंचांनी पाहिलं?"

"त्यांची जीप मागं गाईंच्या कळपात अडकलीय."

"मग ढकललंस कशाला, गाढवा?"

"तूच सांगितलंस ना! 'देव तुमचं भलं करो, काका' म्हणाली आणि गेली की पुढे!"

तोवर ब्रिसेइदा वळणावर आलीच. चेहरा बिटासारखा लाल, तोंड उघडं, मांड्या थरथरताहेत, तरी पाय थांबायला तयार नाहीत. योर्लेनी बरीच मागे होती. खालून जीपचा हॉर्न ऐकू आला. एतेल्विनांनी रुआना सावरला, धावत जाऊन सीटला मागून दोन्ही हात लावले आणि रेटायला सुरुवात केली.

"आजी, नको! मी बाद होईन!"

"होशील गं! जरा दम धर!"

पण जीप काही वळणावर येईना! एतेल्विना ढकलताहेत, वळून बघताहेत, पुन्हा ढकलताहेत. शेवटी छातीचा भाता झाला आणि त्यांनी हात सोडले. हात सुटले, रुआना सुटला नाही! त्याची झालर सीटखाली घट्ट अडकली होती. सायकल पुढे निघाली आणि तिच्या मागून, बांधलेल्या बकरीसारख्या, दोन्या एतेल्विनाही निघाल्या.

नेमकी तेव्हाच जीप वळणावर आली!

"थांब की गं कार्टे!"

"आजी, या चढावर थांबले तर दोघी पडू!" ब्रिसेइदानं दात आवळले, मान खाली घातली आणि पुढचं पॅडल मारलं. मग त्याच्या पुढचं.

एवढ्यात योर्लेनी शेजारून गेली. "आजी, हे काय चालवलंयस?"

"तू इकडे बघू नकोस! चालव!"

योर्लेनी पहिली आली. बँड वाजला, गळ्यात हार पडला. मागून ब्रिसेइदा आली, तिच्या मागून एतेल्विना. त्यांची टोपी वाटेतच कुठेतरी पडली होती. प्रशिक्षकानं ब्रिसेइदाचा हात धरून वर केला. "ही पोरगी!"

"अहो, पहिली माझी नात आली!"

"आली ना, आजी. पण ती एकटी आली. ही तुम्हाला घेऊन आली."

एतेल्विनांनी आयुष्यात चारचौघांत कधी कबुली दिली नव्हती. पण नातीची जागा चालली होती.

"खोटं आहे! ती मला ओढत नव्हती, मीच तिला ढकलत होते! खालपासून! बाद करा तिला!"

पंचांनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. देवळापुढची सगळी गर्दी हसायला लागली.

"या वयात, दोन्या? या घाटात?"

"अहो, बटाट्याची पोती उचलते मी अजून!"

धापा टाकत वर पोचलेल्या उबाल्दोला पंचांनी हळूच बाजूला घेतलं. "आईंना सावलीत बसवा. गुळाचं गरम पाणी पाजा. इथं वर हवा विरळ असते, माणूस काहीही बोलून जातो."

तिथल्या एवढ्या माणसांत त्यांचं बोलणं खरं वाटलं ते एकट्या योर्लेनीला. पुढची शर्यत कुठल्या गावी आहे, हे तिनं अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही.