लेकानं पाठवलेला सूर्य

कावळ्याला कोणी नोटीस बजावलेली मी तोवर पाहिली नव्हती. आमचे नाना रोज सकाळी बजावत. कौलांवर बसवलेल्या सोलरच्या काचेवर कावळा उतरला की पुढच्या अंगणात, खळ्यात उभं राहून, हात मागं बांधून म्हणत, "सदर जागा ताबडतोब खाली करावी. अन्यथा होणाऱ्या परिणामांस तू स्वतः जबाबदार राहशील." कावळा जबाबदारी घ्यायला तयार असे. मग नाना शिडी लावत, कोमट पाण्याचा तांब्या घेऊन वर चढत आणि काच पुसत. फडकं त्यांच्या बायकोच्या, काकींच्या जुन्या लुगड्याचं. दुसऱ्या फडक्यानं ओरखडे पडतात, असं त्यांचं म्हणणं.

नाना दापोलीच्या कोर्टात कारकून होते. नोकरी संपली, पण कोर्ट उठलं नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी ते "पुरावा अपुरा" म्हणत.

मी लातूरकडचा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. पोटामागं फिरत हर्णे बंदरावर बर्फाचा टेम्पो चालवायला लागलो. कपड्यांना मासळीच्या पेट्यांचा वास आणि बोलणं देशावरचं, त्यामुळे मला कोणी खोली देईना. नानांनी एवढंच विचारलं, "सही येते?"

"येते."

"मग मंजूर. मागच्या पडवीत राहा."

तेव्हापासून या माणसाचा विचार बदलला तर आपण कुठं जायचं, हा धाक माझ्या मनातून गेला नाही. नाना जे म्हणतील त्याला मी हो म्हणायचो. ते "उकडतंय" म्हणाले तर मी स्वेटरात बसूनसुद्धा घाम पुसला असता.

काकी गेल्या त्या वर्षी मुंबईच्या मुलानं ते सोलर बसवून दिलं होतं. एक काच, एक बॅटरी, दोन दिवे. कोणी विचारलं की नाना सांगत, "यायला वेळ नाही म्हणालान. बदली म्हणून सूर्य पाठवलान."

तो सूर्य ते फार जपून वापरत. लोडशेडिंगच्या वेळी कोणी आलं की आधी चौकशी. "काम काय? वाचायचं असेल तर दिवा मंजूर. गप्पांना दिवा कशाला? तोंड अंधारातही हलतं." दिवा लागला तरी थोड्या वेळानं समोरच्याचं वाक्य अर्धं असताना "तहकूब" म्हणून बटण बंद. हळूहळू लोक येईनासे झाले. दिवेलागणीला नाना ओटीवरच्या झोपाळ्यावर बसत आणि बेड्याकडे, अंगणाच्या फाटकाकडे बघत राहत. कोणी यावं असं त्यांना फार वाटे आणि आलेला माणूस बॅटरी संपवून जाईल याची भीतीही तेवढीच वाटे. मी मागं पडवीत जेवायचो, ते पुढं. मध्ये एक भिंत.

मग दोन हजार चार-पाच सालच्या थंडीत वाडीची डीपी जळाली. मोठा आवाज झाला आणि सगळं अंधारात गेलं. वायरमन म्हणाला, वरून नवी येईल तेव्हा.

पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या मंदावहिनी दोन पोरं घेऊन आल्या. "नाना, यांना अभ्यासाला बसू दे हो इथं. दिवा तुमचा, अक्षरं त्यांची."

"वाचन आहे. मंजूर."

"आणि मी कुळीथ निवडत बसते. तोंड नाय उघडत."

"ते शपथेवर सांग."

दुसऱ्या दिवशी अख्खी वाडी आली. कोणी करांदे उकडून आणले, कोणी रेडिओ. वहिनींनी शपथ मोडली ती मोडलीच. नाना मधोमध बसून जुन्या खटल्यांच्या गमती सांगत होते आणि तहकूब हा शब्द विसरले होते. मी हळूच म्हटलं, "नाना, बॅटरीचा तांबडा लागला." ते म्हणाले, "अपील फेटाळलं."

पण थंडीतला दिवस आखूड. त्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला, आणि त्या बाजूला घराचं हापूसचं कलम. दुपार झाली की त्याची सावली थेट काचेवर यायची.

"फांदी छाटा की हो ती," वहिनी म्हणाल्या.

"मोहोरलेल्या झाडाला हात लावायचा नाही."

"मग आम्ही उद्यापासून काळोखात बसायचं?"

सकाळी नानांनी मला हाक मारून ती काच खाली उतरवून घेतली, बाजेवर ठेवली आणि लांब वायर ओढली. मग दिवसभर ऊन सरकेल तशी ते ती बाज खळ्यात सरकवत राहिले. डोक्याला पंचा, हातात कावळे हाकायची काठी. मी बंदरावरून येईपर्यंत बाज तुळशीला अर्धी प्रदक्षिणा घालून आलेली असायची. घरात मात्र ते स्वतः रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात स्वयंपाक करत. आतला दिवा त्यांनी काढूनच ठेवला होता, ओटीवर जास्त वेळ पुरावा म्हणून.

एका संध्याकाळी नाना एका साक्षीदाराची नक्कल करत होते. नक्कल रंगात आली आणि समोरच्या घरांमधून उजेड पडला. कोणीतरी म्हणालं, "लाईट आली." सगळे उठले. चपला, पाट्या, रेडिओ, पोरं. "येते हो नाना, सिरीयल लागली असेल," मंदावहिनी पायरीवरूनच म्हणाल्या. साक्षीदार उलटतपासणीतच राहिला.

नाना मीटर बघतो म्हणून मागं गेले आणि परत येऊन म्हणाले, "आपल्याकडे नाही आली. आपली लाईन वेगळी असणार. तुझं ताट इकडेच आण."

मी ताट आणलं. दुसऱ्या दिवशीही आणलं. सगळी वाडी लखलखत होती आणि आम्ही दोघं त्या एका दिव्याखाली जेवत होतो. म्हाताऱ्या माणसाला हा त्रास कशाला, या काळजीनं शेवटी मीच वायरमनला टेम्पोत घालून आणलं. नानांना न विचारता केलेलं माझं पहिलं काम.

वायरमननं मीटरची पेटी उघडली. "नाना, लाईन चालू आहे. पण तुमचा फ्यूज कुठाय?"

नानांनी आंब्याकडे बघितलं. "माकडानं नेलान असेल."

"पेटीला कडी होती, नाना."

"हल्लीची माकडं शिकलेली असतात."

वायरमन हसला. "असू दे. माझ्याकडे एक आहे, बसवून टाकतो."

नानांचा एक हात बंडीच्या खिशात होता. खिशाच्या तोंडाशी, बोटांच्या फटीतून, फ्यूजचा पांढरा चिनी मातीचा कोपरा दिसत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. कोर्टात आयुष्य काढलेला तो माणूस आरोपीसारखा उभा होता आणि निकाल माझ्याकडे होता.

मी म्हणालो, "राहू दे, भाऊ. माकडं हा पण नेतील."

वायरमननं आम्हां दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, पेटी लावली आणि तो गेला. नाना बराच वेळ चूल सारखी करत राहिले.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे आता शेतात काय असेल रे?"

इतक्या वर्षांत कोकणात मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "ज्वारी. हुरड्यावर आली असेल."

"हुरडा ऐकून आहे. भाजतात कसा?"

मी सांगितलं, पहाटे कणसं कशी मोडायची, आगटी कशी पेटवायची, गरम कणीस हातावर कसं चोळायचं. आई ते चोळताना तळवे लाल झाले तरी सोडायची नाही, हेही सांगितलं. माझा आवाज मला स्वतःलाच मोठा वाटला. मी थांबलो.

नाना जेवायचे थांबले होते. म्हणाले, "मग?"