सत्ताविसावा फर्मा

संगणकाच्या भाषेवर मराठीत माझ्याइतकं जाड पुस्तक नाशिकमध्ये तरी कोणी लिहिलेलं नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो! नऊशे बारा पानं! वजन एक किलो तीनशे ग्रॅम. हे मी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे स्वतः जाऊन करून आणलं होतं. वाण्याने वजन सांगितलं आणि विचारलं, "बांधून देऊ का?"

'सी : सांगोपांग' हे त्याचं नाव आणि दिवाकर गायधनी हे माझं. एका तंत्रनिकेतनात मी संगणक शिकवत असे. पुस्तकाला सहा वर्षं लागली. सुरुवात केली तेव्हा आमची यशश्री दुसरीत होती, संपवलं तेव्हा आठवीत. मधल्या काळात तिने बापाची पाठ तेवढी पाहिली. म्हणून पुस्तक तिलाच अर्पण केलं. तिने अर्पणपत्रिका वाचली, "छान आहे, बाबा," म्हणाली आणि सायकल काढून क्लासला निघून गेली. मला जरा लागलं ते.

पुस्तक नव्व्याण्णवच्या दसऱ्याला हातात आलं. पहिली प्रत मी देवघरात ठेवली. श्यामलाने तिला हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. हळद इतकी सढळ हाताने पडली की पानांच्या कडा एकमेकींना चिकटल्या. पूजा झालेलं पुस्तक कशाला उघडायचं? आणि मी ते लिहिलं होतं, तीनदा प्रुफं तपासली होती. आत काय आहे ते मला ठाऊक होतंच की! दुसरी प्रत स्वयंपाकघरात गेली. श्रीखंडाचा चक्का दाबायला तिच्यासारखी वस्तू नाही, असं श्यामला शेजारणींना सांगायची. घरातून आलेला पहिला अभिप्राय तो.

आता अभिप्रायांचंच सांगतो, कारण घात तिथेच झाला.

आमचे प्रकाशक धनराजशेठ. 'सांगोपांग माला' ही त्यांची कल्पना. मालेत दोनच पुस्तकं निघाली होती, माझं आणि 'द्राक्षबाग : सांगोपांग'. आकार तोच, कागद तोच, हिरवं कव्हरही तेच. आणि दोन्हींत एकसारखं पोस्टकार्ड घातलेलं : 'वाचकहो, आपला अभिप्राय अवश्य कळवा.'

सव्वा वर्षाने शेठनी मला बोलावून घेतलं.

"सर, तुमचं पुस्तक हलत नाही."

"जड आहे ना ते!" मी विनोद केला. शेठ हसले नाहीत.

"चारशे प्रती पडून आहेत. तुमच्या कॉलेजच्या समितीने संदर्भग्रंथ म्हणून लावलं, तर या जातील आणि मी दुसरी आवृत्ती काढीन. नाही लावलं, तर रद्दीवाला सोमवारी येतो."

सहा वर्षं, आणि रद्दीवाला सोमवारी येतो! त्या रात्री मला जेवण गेलं नाही. श्यामला म्हणाली, "अहो, भात तरी खा. पुस्तक काही उठून जात नाहीये." तेच तर दुःख होतं.

समितीच्या अध्यक्षा मोहिनी मॅडम. बाई सरळ, पण काटेकोर. त्यांनी निरोप पाठवला : किमान चाळीस वाचकांचे लेखी अभिप्राय आणा. चाळीस? मी म्हटलं, एका तासात आणतो! वर्गात गेलो, पोस्टकार्डांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "पुस्तकाबद्दल प्रामाणिक मत लिहा. सक्ती नाही." तेव्हा माझ्या हातात सबमिशनचं रजिस्टर होतं, हे नंतर ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी त्रेचाळीस कार्डं जमा झाली! पहिलं आल्हादचं. वर्गातला हुशार मुलगा.

'उद्देश : सदर पुस्तकाचा अभ्यास करणे. साहित्य : पुस्तक, पेन, पोस्टकार्ड. कृती : सदर पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत काळजीपूर्वक वाचले. निष्कर्ष : पुस्तक उत्तम आहे असे सिद्ध झाले.'

उरलेल्या बेचाळिसांवरही हेच! आल्हादचं जर्नल सगळा वर्ग उतरवतो, तसा त्याचा अभिप्रायही उतरवला होता. एकाने तर खाली 'आल्हाद' अशी सहीसुद्धा उतरवली होती. मी वीस वर्षं जर्नलं तपासत आलोय. हात सवयीने चालला आणि प्रत्येक कार्डावर 'पाहिले' म्हणून लाल सही ठोकून मोकळा झालो. करता काय?

तरी मन खट्टूच होतं. त्रेचाळीस जणांत एकानेही वाचलेलं नाही, हे मला कळत होतं. अगदी शेवटची आशा म्हणून शेठकडे गेलो. "टपालाने काही आलंय का हो माझ्यासाठी?"

शेठनी कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट दाखवलं. "ती सगळी द्राक्षवाल्यांची कार्डं. कोण वाचत बसतो? तुमचं एक होतं बघा, वरच पडलेलं. त्यात उदाहरण चुकलंय असं लिहिलंय, म्हणजे तुमचंच."

ते कार्ड मी तिथेच उभ्या उभ्या वाचलं. अक्षर गिरवल्यासारखं होतं.

'पान ४१७ ते ४३२ तीन वेळा वाचले. पॉइंटर म्हणजे माल नाही, माल जिथे ठेवला तिथला पत्ता, हे चांगले समजले. पण पान ४२३ वरचे उदाहरण चुकले आहे. तपासून घ्यावे. लहानू गांगुर्डे, तालुका दिंडोरी.'

मला भरून आलं, खोटं कशाला बोलू! एवढ्या दिवसांत पहिला माणूस भेटला, ज्याने माझं एक प्रकरण तीनदा वाचलं. चूक काढली म्हणजे काय? चूक काढायलाही वाचावं लागतं! ते कार्ड मी फायलीत सगळ्यात वर लावलं. तिथेच मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला.

समितीची बैठक. मोहिनी मॅडमनी लहानूभाऊंचं कार्ड मोठ्याने वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हा खरा वाचक दिसतोय, सर. पान चारशे तेवीस काढा बरं. बघू तरी काय चूक आहे."

मी देवघरातली प्रत मुद्दाम सोबत नेली होती. शुभ म्हणून! चिकटलेल्या कडा नखाने सोडवल्या. हळद टेबलावर सांडली. उघडलं पान चारशे तेवीस.

पानावर द्राक्षाच्या घडाचं चित्र होतं.

खाली लिहिलं होतं : 'घडाची विरळणी कात्रीने करावी. हाताने मणी ओढू नयेत.'

मी पान उलटलं. छाटणी. आणखी उलटलं. भुरी रोगावर फवारणी! चारशे सतरापासून चारशे बत्तीसपर्यंत माझ्या पॉइंटरच्या प्रकरणात द्राक्षबाग फुललेली! मॅडमनी ग्रंथालयाची प्रत मागवली. तिच्यातही द्राक्षं. शिपायाने आणखी दोन आणल्या. द्राक्षंच द्राक्षं!

मॅडमनी शांतपणे आल्हादचं कार्ड उचललं. "पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत काळजीपूर्वक वाचले. असे त्रेचाळीस जण. वर तुमची सही, पाहिले म्हणून." मग कार्ड खाली ठेवून म्हणाल्या, "ती मुलं आहेत, सर. पण वर्षभरात तुम्हीसुद्धा...?"

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. करायची गरज नव्हती.

मी तडक धनराजशेठच्या छापखान्यात गेलो. रागाने लाल झालो होतो. "माझ्या पुस्तकात द्राक्षं कोणी घातली?"

छापलेले फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, क्रमाने उचलून पुस्तक रचायचं काम नवसाबाई करायच्या. त्यांच्यासमोर दोन्ही पुस्तकांचे ढीग शेजारी शेजारी मांडलेले असत. माझं ओरडणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सायेब, मला अक्षर येत नाय. मी खालचा आकडा बघिते. सत्तावीस म्हंजी सत्तावीस. दोन्ही ढिगांवर सत्तावीसच व्हतं."

"अहो, पण आत काय छापलंय ते?"

"आतलं बघायचं काम वाचणाऱ्याचं. वरीस झालं पुस्तकाला. कुनी वाचलंच नाय व्हय?"

बाई खवचटपणाने नव्हत्या बोलल्या. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. माझा राग तिथेच विझला.

मग आम्ही ते पोतं उपसलं. एकशे सत्तावीस कार्डं! सगळी द्राक्षवाल्यांची आणि सगळ्यांत एकच तक्रार : आमची विरळणीची पानं कुठे आहेत? एकाने विचारलं होतं, पॉइंटर हे औषध कोणत्या दुकानात मिळेल आणि लिटरला किती टाकायचं. शेठ डोकं खाजवत म्हणाले, "दोन-चार कार्डं मी वाचली होती हो. मला वाटलं, पॉइंटर म्हणून नवी कीड आलीय!"

समितीने पुस्तक नाकारलं. द्राक्षबागेची मात्र सुधारित दुसरी आवृत्ती निघाली. चारशे प्रती सोमवारी गेल्या. रद्दीवाल्याने सांगितलं, पिंपळगावला पॅकिंगवाल्याकडे जातील, खोक्यांत द्राक्षांखाली अंथरायला. म्हणजे शेवटी द्राक्षांनी माझं सगळंच पुस्तक घेतलं.

त्यानंतरच्या रविवारी मी एस.टी.ने दिंडोरीला गेलो. का गेलो, विचारू नका. ज्याने वाचलं त्याचं तोंड तरी पाहावं, एवढंच. लहानू गांगुर्डे पन्नाशीचे, सातवी शिकलेले. बागेतच भेटले, हातात कात्री.

"तुम्ही लिव्हलंय व्हय ते? या, बसा, सर. पाणी घ्या. लय अवघड लिव्हता, पन खरं लिव्हता."

"चूक कुठली म्हणालात?"

त्यांनी झोपडीतून आपलं द्राक्षाचं पुस्तक आणलं. पान चारशे तेवीस. माझं पान! मी ते छापलेलं पहिल्यांदाच बघत होतो. दोन किमतींची अदलाबदल करण्याचं साधं उदाहरण. लहानूभाऊंनी दोन क्रेट ओढून पुढ्यात ठेवले. एकात काळी द्राक्षं, दुसऱ्यात हिरवी.

"ह्यातला माल त्यात आन् त्यातला ह्यात घालायचा. तर मंग आधी तिसरं रिकामं खोकं नको का? तुम्ही त्ये घेतलंच नाय. हिरवा माल थेट काळ्याच्या जागी घातला. काळा गेला ना मग! दोन्हीकडं हिरवाच."

मी पाहिलं. एक ओळ गळली होती. तीनदा प्रुफं तपासून! सहा वर्षं, नऊशे बारा पानं, आणि चूक काढली ती विरळणी करणाऱ्या माणसाने, दोन क्रेट पुढे ओढून.

थोड्या वेळाने ते चाचरत म्हणाले, "सर, आमची इरळणीची पानं तुमच्याकडं असतील ना? पुढच्या हंगामाला लागतील."

मी पिशवीतून देवघरातली प्रत काढली. त्यांनी कात्रीच्या टोकाने दोन्ही पुस्तकांची शिवण अलगद उसवली. मी घाईने द्राक्षाची पानं उपसून त्यांच्या पुस्तकात खुपसायला लागलो.

"थांबा, सर!" त्यांनी माझा हात धरला. "आधी ही हितं बाजूला ठिवा. रिकाम्या जागी."

बाजेवर आधी द्राक्षाची सोळा पानं ठेवली. मग माझी पानं माझ्या पुस्तकात आली, आणि बाजेवरची त्यांच्या पुस्तकात गेली.

'सी : सांगोपांग'ची पूर्ण अशी ती एकच प्रत. आता ती पुन्हा देवघरात आहे. यशश्रीने परवा चाळली आणि विचारलं, मधल्या पानांना द्राक्षांच्या औषधाचा वास कसा येतो? पान चारशे तेवीसवरची चूक अजून तशीच आहे. दुसरी आवृत्ती निघाली की करतो दुरुस्त!