बाप्तिस्म्याच्या हौदात हातगाडीची चाकं

"बत्तीस दात बसवणाऱ्या माणसाला चाकात बारा आरे बसवायला कितीसा वेळ लागणार?" थेन जॉर्गेन्सन छाती फुगवून म्हणाला. आयडाहोतल्या त्या गावात त्याने चाळीस वर्षं दातांचा दवाखाना चालवला होता. सोमवारी चर्चची पोरं, हातगाड्या ओढत या मुलखात आलेल्या पूर्वजांसारखी, हातगाडी ओढत डोंगरातून चार दिवस चालणार होती, आणि ती गाडी बनवायचं काम बिशपने, म्हणजे चर्च सांभाळणाऱ्या गावातल्याच एका शेतकऱ्याने, त्याच्या गळ्यात घातलं होतं. बिशपने दिलेल्या कामाला तिथे कुणी नाही म्हणत नाही. मग ते येत असो वा नसो!

गाडी झकास झाली. पण शुक्रवारपर्यंत कोरड्या हवेने लाकूड आकसलं आणि चाकं खुळखुळ्यासारखी वाजू लागली. पाण्यात भिजवली तरच फुगून घट्ट होणार होती.

थेनने फोन लावला. "बिशपसाहेब, चाकं बुडतील एवढं पाणी हवंय!"

"करतो सोय!"

बिशपच्या मनात होती आपल्या गोठ्यातली गुरांची टाकी. इकडे थेन चर्चमध्ये डोकावला, तर उद्याच्या बाप्तिस्म्याचा हौद आजच काठोकाठ भरलेला!

"वा रे बिशप! सकाळी चाकं काढली की झालं," म्हणत त्याने दोन्ही चाकं आत सोडली.

शनिवारी सकाळी ती दगडासारखी घट्ट निघाली. थेन खूश! मग त्याची नजर पाण्यावर गेली. ओकचं लाकूड आणि चाकांवरची लोखंडी धाव यांनी मिळून रात्रीत पाणी काळपट तपकिरी करून टाकलं होतं. ज्या चर्चमध्ये कॉफीचा थेंब चालत नाही, तिथे हौदभर कॉफी!

"अहो, हे काय करून ठेवलंत!" बायको लारू किंचाळली. "ब्रिनलीचा बाप्तिस्मा आहे दहाला!"

आठ वर्षांची नात पांढराशुभ्र फ्रॉक घालून दारात उभी. या चर्चमध्ये घरचा माणूसही बाप्तिस्मा देऊ शकतो; 'आजोबांच्याच हातून घेणार' म्हणून तिने वर्षभर दिवस मोजलेले. ॲरिझोनाहून आलेले पाहुणे खुर्च्यांवर बसलेले. हौद पुन्हा भरायला चार तास!

बिशप आला, पाणी बघून पांढराफटक पडला. मग म्हणाला, "पूर्ण बुडायला हवं, एवढाच नियम आहे. रंगाचं कुठे काही लिहिलेलं नाही."

थेन नातीला घेऊन पाण्यात उतरला. पाहुण्यांमध्ये "अरे देवा!" झालं. पहिल्यांदा तिच्या पायाचा अंगठा वर राहिला, बुडी पूर्ण झाली का ते बघणाऱ्या साक्षीदारांनी नकाराच्या माना हलवल्या. पुन्हा बुडी! फ्रॉक चहाच्या गाळणीसारखा होऊन वर आला.

बाप्तिस्म्याने पापं धुतली जातात, हे ब्रिनलीला पाठ होतं. तिने डोळे पुसले, पाण्याकडे पाहिलं आणि भरल्या सभेत किंचाळली, "आजोबा! एवढी पापं? माझी?"

थेनने मान खाली घातली.

"नाही गं राणी," तो पुटपुटला. "आजोबांची आहेत. कालची."