दातांनी ऐकणारे उस्मानमिस्त्री

उस्मानमिस्त्री दातांनी ऐकत. हा अलंकार नव्हे. अलंकारांशी माझं जुनं वैर आहे. कुठलंही इंजिन तपासायचं झालं की ते खमिसाच्या खिशातून लाकडाचा एक तुकडा काढत. दीड वीत लांब, होडीसारखा निमुळता, मधे पोकळ, दोन्ही टोकांना पितळी टोपी. एक टोक इंजिनाला टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटून घ्यायचे. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस इंजिन खायला बसलाय.

"कान बाहेरचं ऐकतात, दात आतलं ऐकतात," असं ते म्हणत. मग तुकडा बाहीला पुसून खिशात, आणि निदान तयार. पिठाच्या गिरणीचं इंजिन असो की मळेवाल्याचा पंप, दहा मिनिटांच्या वर त्यांनी कधी घेतली नाहीत.

नाशकात भद्रकालीला त्यांचं दुकान आणि माझा छापखाना भिंतीला भिंत लावून होते. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. माणसामागचं यंत्र तेवढं राही. गिरणीवाला 'गिरणी', टांगेवाला 'टांगा' आणि मी 'छापखाना'.

"काय छापखाना, आज कोणाला जाळायचं?" हा त्यांचा रोजचा नमस्कार.

त्यात खोटं काही नव्हतं. सत्याग्रह थंडावल्यानंतरची ती वर्षं. पुढारी घरी जाऊन बसले होते, म्हणून देशाचं सगळं ओझं माझ्या पायचालीच्या यंत्रावर येऊन पडलं आहे अशी माझी समजूत होती. अंगात खादी, हातात टकळी, आठवड्याला एक पत्रक. अशा माणसाच्या भिंतीपलीकडचा मिस्त्री गावाबाहेरच्या साहेबांच्या क्लबात जाऊन त्यांची हिरवळ कापायचं विलायती यंत्र दुरुस्त करतो, हे मी कसं सोसावं?

"मिस्त्री, त्या गवतावर आपल्या माणसाला पाय ठेवू देत नाहीत."

"मला देतात की."

"गुडघे टेकून बसलात तर देतात."

"इंजिन खालीच असतं रे. नमाजाला बसतो, इंजिनाला बसतो. साहेबाला नाय बसत."

शत्रूचा गोट एकदा पाहून ठेवावा म्हणून मी त्यांच्याबरोबर गेलो. धोंडू माळी यंत्राशेजारी हताश उभा होता. पूर्वी तिथलं कापणीचं यंत्र बैल ओढत असे. बैल विकून साहेबांनी हे पेट्रोलचं आणलं होतं आणि धोंडूला ते दुःख जात नव्हतं.

"चाचा, हे लय अडखळतंय. धड चालत नाय, धड बंद पडत नाय. बैल कधी असा अडखळला नाय."

त्याने दोरी ओढली. यंत्र सुरू झालं. फट-फट… फट. फट-फट… फट. दोन ठोके घाईचे आणि तिसरा मागे राहिलेला.

मिस्त्रींनी तुकडा दातांत धरला, डोळे मिटले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. धोंडू माझ्याकडे आणि मी धोंडूकडे पाहू लागलो. शेवटी त्यांनी डोळे उघडले, पण निदान सांगितलं नाही. "पुढच्या शनिवारी येतो," एवढंच म्हणाले.

मग शनिवारामागून शनिवार गेले. एका शनिवारी त्यांनी टाकीतलं पेट्रोल बाटलीत ओतून उन्हात धरलं. तळाशी बोटभर पाणी; धोंडूने डब्याला चिंधीचं बूच लावलं होतं. पेट्रोल बदललं, अडखळणं तसंच. पुढच्या शनिवारी प्लग काढून घासला. त्याच्या पुढच्या शनिवारी कार्बुरेटरचं बारीक भोक साफ करायचं होतं, त्यासाठी त्यांनी वाटेत टांगा थांबवून घोड्याच्या शेपटीचा एक केस मागितला.

"तार घाल ना," टांगेवाला म्हणाला.

"तारेने भोक मोठं होतं. आण इकडे. घोडा तुझ्यापेक्षा दिलदार हाय."

केसानेही फरक पडला नाही. गल्लीत लोक म्हणू लागले, मिस्त्री म्हातारे झाले. ते ऐकून मला वाईट वाटे आणि आत कुठेतरी बरंही वाटे. साहेबांची हिरवळ एव्हाना घोट्यापर्यंत आली होती.

अशाच एका शनिवारी मी ते पाहिलं. धोंडू पाणी आणायला गेला होता. यंत्र फट-फट… फट करत होतं. मिस्त्रींनी फडकं ओलं करून कार्बुरेटर इंजिनाला जिथे जोडला होता त्या सांध्यावर दाबून धरलं, आणि यंत्र एकदम सरळ चालू लागलं. एकसारखं, शिवणयंत्रासारखं. सांध्यातून हवा शिरत होती, एवढाच तो रोग. आतलं कागदाचं पॅकिंग चिरलं असणार. माझ्यासारख्या अडाण्यालाही ते कळलं.

मिस्त्रींनी घाईने फडकं काढून घेतलं. यंत्र पुन्हा अडखळू लागलं आणि त्यांचा चेहरा निवला. धोंडू आल्यावर ते म्हणाले, "नाय सापडत रे."

माझ्या अंगावर काटा आला. हा माणूस जाणून होता! हा म्हातारा, एक अक्षरही न बोलता, गुडघे टेकून बसल्या जागी साहेबांशी असहकार करत होता, आणि मी त्याला शरम शिकवत होतो.

त्याच आठवड्यात धोंडू निरोप घेऊन आला. रविवारी हिरवळीवर पाहुणे येणार होते. शनिवारपर्यंत यंत्र सुधारलं नाही तर ते मुंबईला धाडायचं आणि मिस्त्रींनी पुन्हा क्लबाच्या फाटकात यायचं नाही. मिस्त्री नुसते "बरं" म्हणाले. मी मात्र आत जाऊन छपाईचे खिळे जुळवायला बसलो. पत्रकाचं नाव 'एका कारागिराचा मूक असहकार'. त्यांना धोका नको म्हणून नाव गाळलं आणि 'भद्रकालीतील एक वृद्ध यंत्रकार' एवढंच ठेवलं. भद्रकालीत दुसरा यंत्रकार नव्हता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

मुखपृष्ठाचा नमुना जाड बदामी कागदावर काढला आणि मजकूर त्यांना वाचून दाखवला. मराठी अक्षरं त्यांना येत नसत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हा माणूस कोण?"

"तुम्ही, मिस्त्री. मी पाहिलं सगळं. ते ओलं फडकं."

"हे छापलंस तर मला धरून नेतील. नेऊ देत. पण खोटं हाय रे हे. मी काय साहेबाशी भांडत नव्हतो. चोरून ऐकत होतो."

"काय?"

"मालेगावला आमच्या घरी माग होता. मी इंजिनांच्या मागे गावोगाव, माग माझी बायको जैनब चालवायची. लहानपणी तिचा डावा पाय मोडलेला. दोन ठोके झटपट पडायचे, तिसऱ्याला पाय उशिरा यायचा." त्यांनी माझ्या टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. टक-टक… टक. "सगळी गल्ली मागांची. पण मी नाशकाहून गेलो की वळणावरच मला कळायचं, आपलं घर चालू हाय."

मी हातातलं प्रूफ टेबलावर ठेवलं.

"मी कळवणला पंपावर होतो तेव्हा ती गेली. तापाने. निरोप पोचला तोवर सगळं झालं होतं. मागावर अर्धं लुगडं होतं, तेही कोणी तरी उतरवून ठेवलेलं. शेवटचा ठोका कधी पडला ते मला कोणी सांगू शकलं नाय."

त्यांनी खिशातला लाकडी तुकडा काढून त्या प्रूफावर ठेवला. "हा तिचा धोटा. याच्या पोकळीत सुताची कांडी बसायची."

हातमागावर मी तोवर दोन पत्रकं लिहिली होती. माग हा राष्ट्राचा प्राण वगैरे. आणि मागाचा धोटा सहा वर्षं रोज डोळ्यांसमोर असून मला ओळखता आला नव्हता.

"नाही छापत," मी म्हणालो. "पण शनिवारी काय करणार?"

"यंत्र मुंबईला गेलं तर तिथला मिस्त्री दहा मिनिटांत नीट करील. आणि मी परत कुठल्या तरी कळवणला बसलेला असेन." त्यांनी बदामी कागद चिमटीत धरून पाहिला. "तुझा हा कागद चांगला जाड हाय. देतोस?"

शनिवारी सकाळी आम्ही क्लबात गेलो. मिस्त्रींनी यंत्राला हात लावण्याआधी धोंडूला सांगितलं, "एक पट्टा काप."

"असंच? अडखळतच?"

"असंच."

धोंडू यंत्र ढकलत निघाला आणि मिस्त्री त्याच्या बाजूने चालू लागले, हात पाठीमागे बांधून, हिरवळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोणी बायकोबरोबर बाजारातून घरी परतावं तसे. फट-फट… फट. मी पायरीवरच उभा राहिलो. साहेबांच्या गवतावर पाय ठेवणार नाही ही माझी प्रतिज्ञा होती, आणि त्या दिवशी ती पाळणं फार सोपं गेलं.

परत आल्यावर त्यांनी स्वतः यंत्र बंद केलं. सांधा खोलला, चिरलेलं पॅकिंग खरवडून काढलं. माझा कागद सांध्याच्या तोंडावर ठेवून हातोडीने कडेकडेने हलकं ठोकलं. जिथे ठोकत तिथे कागद कातरल्यासारखा सुटे. त्यात 'मूक' कुठे गेलं आणि 'असहकार' कुठे गेला ते मी शोधलं नाही. एरंडेलाचं बोट फिरवून त्यांनी ते बसवलं, नट आवळले आणि धोंडूला खूण केली.

यंत्र पहिल्या ओढीला सुरू झालं. एकसारखं, कुठे खंड नाही.

"हा आता बैल झाला," धोंडू खूष होऊन म्हणाला. मिस्त्रींनी धोटा काढला होता, तो बाहीला पुसला आणि तसाच खिशात ठेवला. धोंडूला हे चुकल्यासारखं वाटलं. "चाचा, आज दात नाय लावणार?"

"नको," उस्मानमिस्त्री म्हणाले. "आता आत कोणी नाय."

आणि ते फाटकाकडे चालू लागले.